जून निघून गेला, रोपं आली नाहीत: कोयनेल लावतानाचा माझा अनुभव

गोव्यात मांद्र्याला, समुद्राकडच्या आमच्या परसात लॉन कधीच टिकलं नाही. खाली वाळू, वरून खारा वारा. जमिनीलगत पसरणारं, बारमाही हिरवं राहणारं झुडूप हवं होतं, म्हणून कोयनेल ठरवली. खारफुटीच्या मागे ती आपसूक वाढते, फांदी जमिनीला टेकली की तिथेच मुळं धरते, आणि पाला कडू असल्याने गुरं तिला तोंड लावत नाहीत. जमीन मोकळी करणं, शेणखत मिसळणं हे मे महिन्यातच उरकलं होतं.

अडलं ते रोपांपाशी. आमच्या भागातल्या एका नर्सरीत मी आगाऊ पैसे भरले होते. पाऊस सुरू झाला की रोपं घरपोच, असं ठरलं होतं. पाऊस आला, रोपं आली नाहीत. फोन केला की उत्तर एकच, “फाल्यां येतली, बाब.” (उद्या येतील.) मग गाडी बेळगावहून निघाली, मग चोर्ला घाटात अडकली, मग ड्रायव्हर आजारी पडला. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. जून-जुलैत लावलेलं झाड पाऊस ओसरायच्या आत खोल मुळं सोडतं. गणेश चवथीनंतर लावलं तर पुढचा उन्हाळाभर पाणी घालत बसावं लागतं. जन्मभर रोपं विकणाऱ्या माणसाला हे ठाऊक नसेल? तयार केलेली जमीन पावसात तशीच उघडी पडली होती, आणि ती रोज बघताना माझं डोकं तापायचं.

एकदा नर्सरीवाला म्हणाला, कोयनेल कशाला, वेडेलिया घेऊन जा, आत्ता देतो. पिवळ्या फुलांची ही वेल मूळची उष्ण अमेरिकेतली, आणि जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. एकदा का कुंपणाबाहेर गेली की व्हाळाच्या कडेचं काही शिल्लक ठेवत नाही. मी नाही म्हटलं. मग त्याने जुनिपर पुढे केलं, “हें बीचवयलेंच झाड.” बीचवरचं खरं, पण जपान आणि रशियातल्या सखालिन बेटाच्या! शोअर जुनिपर तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर फूट-दीड फूट उंचीचं पसरतं, पण तिथला हिवाळा गोठवणारा असतो. त्याला मुळं कोरडी लागतात. आपल्या दमट उकाड्यात आणि आषाढातल्या पावसात ते कुजणारच.

शेवटी शेजारच्या काकूंकडे गेलो. त्यांच्या गडग्यालगत जुनी कोयनेल आहे. “लागतील तेवढ्या फांद्या ने रे,” म्हणाल्या. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, तीन-चार डोळ्यांच्या काड्या तिरक्या कापल्या आणि दोन-दोन फुटांवर थेट जमिनीत खोचल्या. चवथीपर्यंत बहुतेक काड्यांना पालवी फुटली होती. नर्सरीच्या एका रोपाशिवाय हे झालं, याचा मला अभिमान आहे.

मोकळी सोडली तर कोयनेल माणसाएवढी उंच होते. तेव्हा पावसाळ्यात शेंडे सारखे छाटायचे आणि लांब फांद्या आडव्या पाडून त्यावर माती ओढायची. फार छाटलं तर लाल-जांभळ्या केसरांची पांढरी फुलं कमी येतात, पण जमीन झाकायची असेल तर तेवढं सोसावं. विकतचीच रोपं घेणार असाल तर शेडनेटखालून आणून लगेच खाऱ्या वाऱ्यात लावू नका, आधी थोडे दिवस भिंतीच्या आड ठेवा.

आणि किनाऱ्यावरच्या टेकड्यांवरून मर्यादवेल किंवा रावणाच्या मिशा कृपा करून उपटून आणू नका. त्यांनीच ती वाळू धरून ठेवली आहे. वाळूच्या टेकड्या किनारी नियमनाच्या २०११ च्या अधिसूचनेनुसार सीआरझेड-१ या सर्वांत संवेदनशील पट्ट्यात येतात, आणि मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात.

आगाऊ पैसे परत मिळाले, पण मे महिन्यात हट्टाने पावती घेतली होती म्हणून. त्यावर झाडाचं नाव आणि रोपं देण्याची मुदत, दोन्ही लिहून घ्या.