शंभरचा प्लॅन आणि आखाजीची लग्नं

अमळनेरात माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान आहे. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की चोपडा, पारोळा, धरणगावकडचे फोटोग्राफर हार्ड डिस्क घेऊन येतात आणि टेबलावर ठेवता ठेवता विचारतात, "कितला येळ लागी भो?" मिक्सिंगला नाही, डाटा सुरतेला पोचायला. सीझनला काम आवरत नाही, म्हणून निम्मं तिकडच्या एडिटरला देतो. दुकानात इंटरनेटचा शंभरचा प्लॅन आहे हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे १ जीबीला १० सेकंद धरून मंडळी मोकळी होतात.

प्लॅनमधले १०० हे मेगाबिट. फाइलचा आकार मात्र बाइटमध्ये, आणि एका बाइटात ८ बिट. म्हणजे शंभरच्या लाइनवर सेकंदाला साडेबारा एमबी, तेही कागदावर. डाटा छोट्या तुकड्यांनी, म्हणजे पॅकेटांनी जातो, प्रत्येक पॅकेटबरोबर पत्त्याबित्त्याची माहिती जाते, तिचा भार वजा केला की अकरा-बारा उरतात. १ जीबीला हिशोबाने ८० सेकंद होतात, मी दीड मिनिट धरतो. एवढं पाठ असलं की बाकीचं तोंडी जमतं. पन्नासच्या लाइनवर तीन मिनिटं, दोनशेवर पाऊण मिनिट, ३० जीबीचा गेम शंभरवर पाऊण तास. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला २ मेगाबिट पुरतात, आणि २०२३ पर्यंत तर ५१२ किलोबिटच पुरत होते. २ मेगाबिटवर १ जीबी उतरायला तास उलटून जातो.

आमच्या धंद्यात याहून सोपा हिशोब आहे. फोर-केचे बरेच कॅमेरे १०० मेगाबिटने रेकॉर्ड करतात, म्हणजे तासाला ४५ जीबी. तेव्हा शंभरच्या लाइनवर एका तासाचं शूटिंग पाठवायला तासच लागणार. हळद, वरात, लग्न, विदाई मिळून चार तासांचं फुटेज आलं की झाले १८० जीबी.

त्यातही पाठवायचं म्हणजे अपलोड. जाहिरातीत मोठा आकडा असतो तो बहुतेक वेळा डाउनलोडचा, अपलोडचा आकडा कुठेतरी खाली बारीक अक्षरात. माझ्याकडे तो ४० आहे. १८० जीबीला सरळ १० तास, गळती धरून अकरा. तेवढ्यात भुसावळ-सुरत लाइनवरची गाडी पकडून माणूस डिस्क देऊन जेवायलाही बसलेला असतो. याला कोणी मागासपणा म्हणो, मला तो शुद्ध भागाकार वाटतो.

आता कमी स्पीडची तक्रार. शेजारच्या मोबाइलवाल्या भाऊने ३०० चा प्लॅन घेतला, पण टेस्टमध्ये आकडा ९४ च्या वर जाईना. कंपनीवर तोंडसुख घेऊन झालं, मग मला बोलावलं. ९४ बघितल्यावर माझं लक्ष आधी वायरीकडेच गेलं, कारण केबलची जोडणी शंभरवर अडकली की साधारण एवढंच मिळतं. लॅन केबलच्या पिनेत आठ बारीक तारा असतात. शंभरला चार पुरतात, त्यावर जायचं तर आठही लागतात. त्याच्या पिनेतली तपकिरी तार टोकापर्यंत पोचलेलीच नव्हती. पिन कापली, तारा रंगाच्या क्रमाने सरळ केल्या, नवी पिन दाबून बसवली (क्रिम्प केली). आकडा २८० च्या पुढे गेला. कंपनीला घातलेल्या शिव्या मात्र परत घेतल्या गेल्या नाहीत.

वायफायचं तर बोलूच नका. वायफायच्या २.४ गीगाहर्ट्झच्या पट्ट्यावर दोन भिंतींपलीकडे बसून शंभर मागणं फुकट आहे. आणि समोरचा सर्व्हरच सेकंदाला दोन एमबी देत असेल तर तुमचे तीनशे मेगाबिट नुसते बसून राहतात. स्पीड टेस्ट जवळचा सर्व्हर निवडते, फाइल कुठून येते त्याच्याशी तिला देणंघेणं नाही. स्क्रीनवरची 'अजून ४ मिनिटं' ही त्या क्षणाच्या वेगावरची अटकळ असते. मी वेळ ठरवताना एक-दोन जीबी जाऊ देतो, घड्याळ बघतो आणि त्यावरून गुणाकार करतो.

अलीकडे मोठ्या फुटेजची हलकी कॉपी काढतो, १० मेगाबिटची. तासाभराचं शूटिंग साडेचार जीबीत बसतं आणि माझ्या चाळीसवर पंधरा-सतरा मिनिटांत जातं. सुरतवाला त्यावर कट लावून फक्त प्रोजेक्ट फाइल, म्हणजे कुठे काय कापलं याची नोंद, परत पाठवतो, ती तर काही एमबीचीच. मूळ फुटेज माझ्याच डिस्कवर असतं, फायनल व्हिडिओ इथेच रेंडर होतो, म्हणजे तयार होऊन निघतो. फोटोग्राफरला आता मी वेळ सांगतो तो रेंडरचा, आणि तो ऐकून त्याचं तोंड पूर्वीइतकंच वाकडं होतं.