लेहरा सुटला त्या आठवड्यात

सोमवार, रात्री

काल लेहरा सुटला, म्हणजे तबल्यामागे पेटीवर सतत फिरवत राहायची ती एकच धून. क्लासचा वार्षिक कार्यक्रम, नववीतल्या मुलाचं झपतालातलं, म्हणजे दहा मात्रांतलं, तबल्याचं स्वतंत्र वादन, पेटीवर मी. पेशकार, कायदा, पलटे सगळं नीट पार पडलं. शेवटचा चक्रदार, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा, सुरू झाला, मी त्याच्या हातांकडे बघत राहिले आणि सातव्या की आठव्या मात्रेवर माझी बोटं घसरली. पोरगा बरोबर समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आला, मी एक मात्रा मागून. टाळ्या पडल्या. समोरच्या पालकांपैकी निम्म्यांना वाटलं असेल की ती मुद्दाम केलेली गंमत आहे. सर काही बोलले नाहीत. ते बोलत नाहीत तेव्हा जास्त लागतं.

आज ऑफिसातून परतताना डोक्यात तीच मात्रा. डोंबिवली गाडीत बसायला मिळालं हे एक नशीब. कानात काहीतरी वाजत होतं, फोनने आपलं आपण लावलेलं. 'टेक फाइव्ह'. हॉटेलात, लिफ्टमध्ये, कुठल्या कुठल्या जाहिरातीत शंभरदा कानावरून गेलेली ती सॅक्सोफोनची धून. पण आज लागली होती ती पूर्ण, पाच मिनिटांहून मोठी. धून संपली आणि ड्रम्स सुरू झाले.

मुंब्र्याच्या आसपास माझ्या लक्षात आलं की मी ड्रम्स ऐकतच नाहीये. मागे पियानो तेच दोन स्वरगुच्छ फिरवून फिरवून वाजवतोय, ते ऐकतेय. तीन आणि दोन, तीन आणि दोन. ना वाढवत, ना सजवत. म्हणजे अमेरिकेतला कुणी गोरा माणूस पियानोवर चक्क लेहरा धरून बसलाय आणि समोरचा मोकळा सुटलाय!

दिवा गेलं तोवर मी पुन्हा पहिल्यापासून लावलं होतं.

मंगळवार

पियानोवर डेव्ह ब्रुबेक. बासवर यूजीन राइट. सॅक्सोफोन पॉल डेस्मंडचा, धूनही त्याच्याच नावावर. ड्रम्सवर जो मोरेलो. सालं १९५९, न्यूयॉर्कमधला कोलंबिया कंपनीचा थर्टिएथ स्ट्रीट स्टुडिओ. २५ जूनला वीसहून जास्त वेळा प्रयत्न करूनही ही पाच मात्रांची वस्तू जमेना, सोडून द्यावी लागली. १ जुलैला जमली. ('सालं' लिहिलं का मी? साल. राहू दे, रोजनिशीला कोण तपासतंय.)

वीस वेळा! हे वाचून कालचा जीव निम्मा हलका झाला.

पाच मात्रांचं त्यांना एवढं काय अवघड, असं पहिल्यांदा वाटलं. आपल्याकडे दुसरी-तिसरीतली पोरं धी ना धी धी ना म्हणत जिने चढतात. पण जॅझ तेव्हा जवळजवळ सगळं चारात चालायचं. पायाला चाराची सवय लागली की पाचवी मात्रा म्हणजे जिन्याची अंधारातली न दिसलेली पायरी.

रात्री जेवणानंतर टेबलावर झपताल धरून बघितला. जुळेना. आपले खंड दोन-तीन-दोन-तीन, त्यांचे तीन-दोन. मग तिसऱ्या मात्रेपासून उचलला: धी धी ना, ती ना, धी धी ना, धी ना. बसला! फक्त आपली सम त्यांच्या चौथ्या मात्रेवर येते आणि खाली, म्हणजे तालातली बिनवजनाची जागा, तीसुद्धा चौथ्याच मात्रेवर, एक आड एक आवर्तनात. आणि त्या चौथ्या मात्रेवर त्यांचाही एक ठोका असतोच. मी एकटीच हसले. नवरा म्हणाला, काय झालं? म्हटलं, खाली सापडली.

बुधवार

मोरेलोबद्दल वाचत बसले, एक वाजला.

जन्म १७ जुलै १९२८, मॅसॅच्युसेट्समधलं स्प्रिंगफील्ड. जन्मापासून नजर अधू. बाहेर हुंदडणं जमायचं नाही, म्हणून घरच्यांनी संगीताला लावलं. सहाव्या वर्षी हातात व्हायोलिन, नवव्या वर्षी बोस्टन सिंफनीबरोबर मेंडेल्सनचा कॉन्चेर्तो, एकल वादक म्हणून. पंधराव्या वर्षी नामांकित व्हायोलिनवादक यासा हायफेट्झची भेट झाली, आणि हा सूर आपल्याकडून कधी निघणार नाही असं म्हणत पोराने व्हायोलिन ठेवून दिलं आणि ड्रम्स धरले.

ही गोष्ट सगळे फार कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुकासारखं काही दिसत नाही. पंधरा वर्षांच्या पोराला किती गळल्यासारखं झालं असेल त्या दिवशी! मीही गाणं सोडलं, पण माझ्या वाटेत कुणी हायफेट्झ आला नव्हता. विशारदचा फॉर्म भरायची तारीख गेली, पुढच्या वर्षी बघू म्हटलं, एवढंच. मग क्लासला लेहऱ्यासाठी कुणीतरी हवं होतं. त्याला बावीस वर्षं झाली.

मोरेलोचे गुरू मला फार आवडले. जॉर्ज लॉरेन्स स्टोन, बोस्टनचे. त्यांचं 'स्टिक कंट्रोल' नावाचं पुस्तक १९३५ सालचं. त्यात जवळजवळ सगळी उजव्या-डाव्या हाताची अक्षरं. उजवा डावा उजवा डावा. उजवा उजवा डावा डावा. मग त्यांचे उलटसुलट जोड. प्रत्येक ओळ न थांबता वीस वेळा वाजवायची. आमच्या सरांना दाखवलं तर म्हणतील, मग मी वेगळं काय सांगतो? मोरेलो या ओळी घोकता घोकता कंटाळला आणि त्याने मधल्या कुठल्या कुठल्या आघातांना वजन द्यायला सुरुवात केली. ओळ तीच, जोर दुसरीकडे. गुरूंनी ते ऐकलं, रागावले नाहीत, उलट त्यावरच पुढचं पुस्तक लिहिलं आणि ते मोरेलोला अर्पण केलं. त्यांना हा सिंफनीत जावा असं वाटत होतं. तो म्हणाला, मला जॅझ वाजवायचंय. तेही त्यांनी पचवलं.

१९५२ च्या सुमाराला तो न्यूयॉर्कला आला. हिकरी हाउस नावाच्या ठिकाणी मॅरियन मॅकपार्टलंड या पियानोवादक बाईंच्या त्रिकुटात ड्रम्सवर बसू लागला. काठ्यांऐवजी ब्रश, हलका हात, बाईंच्या पियानोवर आवाज चढू न देता. तिथेच डेस्मंडने त्याला ऐकलं आणि ब्रुबेकला सांगितलं की हा माणूस घे, किती हळुवार वाजवतो बघ.

आता इथे खरी मजा आहे. मोरेलोने ब्रुबेकला अट घातली: मी नुसता ठेका धरून बसणार नाही, मला माझी जागा पाहिजे. ब्रुबेक हो म्हणाला. १९५६, शिकागोतला ब्लू नोट क्लब. सुरुवातीच्याच कार्यक्रमात ब्रुबेकने त्याला मोकळं सोडलं, लोक उभे राहिले, आणि डेस्मंड मंचावरून उठून आत निघून गेला. त्याने हळुवार माणूस मागवला होता आणि हे काय निघालं! तो तरी राहील नाही तर मी तरी, इथवर गोष्ट गेली. ब्रुबेक म्हणाला, जो राहणार. दुसऱ्या दिवशी डेस्मंड येईल की नाही कुणालाच खात्री नव्हती. आला. बोलणं बरेच दिवस जेमतेम. नंतर मात्र दोघांची चांगली गट्टी जमली.

दोन महिने बघू म्हणून आलेला मोरेलो त्या चौकडीत १९६७ संपेपर्यंत राहिला.

डेस्मंडची बाजूही मला कळते, हे कबूल करायला हवं. सॅक्सोफोनवर तो इतकं नाजूक काम करतो की मागे कुणी जोरात शिंकलं तरी मोडेल. आणि मागे बसणाऱ्याने एकदम पुढे यावं, टाळ्या घ्याव्यात! आमच्याकडेही गवई आणि तबलजी यांच्यात हे चालतंच की. साथीला बसलेल्याने किती बोलायचं, यावरून मैफली बिघडलेल्या पाहिल्यात. मी या भांडणात कुणाच्या बाजूने? दोन दिवसांपूर्वी विचारलं असतं तर डेस्मंडच्या.

गुरुवार

'टेक फाइव्ह'चा उगमही मागेच आहे. कार्यक्रमाआधी, आत, मोरेलो आपल्या आपल्यात पाचात काहीतरी वाजवत बसायचा. ब्रुबेकने डेस्मंडला सांगितलं, याच्या या ठेक्यावर धून बांध. डेस्मंडने दोन तुकडे आणले, ब्रुबेकने ते जोडले. हेतू एकच, मोरेलोला पाचात खेळायला अंगण मिळावं. धून म्हणजे निमित्त.

आणि मग रेडिओसाठी जी छोटी तबकडी काढली, तीन मिनिटांच्या आतली, तीत कापलं काय, तर ड्रम्स! ज्याच्यासाठी घर बांधलं त्यालाच ओसरीवर बसवलं. तीच तबकडी १९६१ मध्ये अमेरिकेभर वाजली. मी आजवर लिफ्टमध्ये ऐकत आले तीही बहुधा तीच असणार. मानधन धूनवाल्याला, म्हणजे डेस्मंडला. तो १९७७ साली वारला तेव्हा त्याने हे सगळं उत्पन्न अमेरिकन रेड क्रॉसच्या नावे केलं, त्यामुळे रागवायचं तरी कुणावर.

शुक्रवार

थकलेय, थोडंच. १९५८ मध्ये अमेरिकन सरकारच्या परराष्ट्र खात्याने या चौघांना पोलंडपासून तुर्कस्तान, इराण, भारत, सिलोनपर्यंत फिरवलं. मुंबईतही आले होते. ब्रुबेक इथे सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांबरोबर वाजवायला बसला. परत गेल्यावर केलेल्या तबकडीत 'कलकत्ता ब्लूज' आहे. त्यात मोरेलोने काठ्या ठेवून दिल्यात आणि ड्रम्स हातांनी, बोटांनी वाजवलेत. ऐकलं. तबला नाहीच तो, तबल्याच्या पुडीवर असते ती शाईच नाही तर गूंज कुठून येणार. पण ऐकून गेलेल्या माणसाचे हात आहेत हे कळतं. त्याच प्रवासात इस्तंबूलच्या रस्त्यावरचे वादक नऊ मात्रांत सहज वाजवताना ब्रुबेकने ऐकले, त्यातून 'ब्लू राँडो' झाला: दोन दोन दोन तीन.

अजून एक. यूजीन राइट कृष्णवर्णीय. १९६० मध्ये दक्षिणेतल्या कॉलेजांनी ब्रुबेकला सांगितलं, बासवर गोरा माणूस आणा. त्याने नाही म्हटलं, दौऱ्यातले बहुतेक कार्यक्रम गेले. मोरेलोला काढ म्हणणाऱ्यालाही नाही, राइटला काढ म्हणणाऱ्यांनाही नाही. एकदा लेहरा धरला की हा गृहस्थ सोडत नाही!

शनिवार

१९७६ मध्ये मोरेलोची उरलीसुरली नजरही गेली. तोवर तो न्यू जर्सीत शिकवायला लागला होता आणि शेवटपर्यंत शिकवत राहिला. १२ मार्च २०११ ला अर्विंग्टनमध्ये घरीच गेला, ८२ वर्षांचा होऊन.

न दिसणाऱ्या गुरूपुढे बसून वाजवणारा शिष्य कसा असेल, याचा विचार करत होते. हात वाकडा पडला तर तो गुरूला आवाजातच कळणार. रविवारी मी बघत बसले तिथेच चुकले. गेली बावीस वर्षं मी कधी कुणाच्या हातांकडे बघितलंच नव्हतं. लेहरा धरणाऱ्याने बघायचं नसतं, मोजायचंही नसतं खरं म्हणजे. त्या दिवशी पोरगं इतकं सुंदर वाजवत होतं की मोह झाला.

आज पुन्हा डोळे मिटून पूर्ण 'टेक फाइव्ह' ऐकलं. मोरेलोच्या त्या दोन-सव्वादोन मिनिटांत किती जागा रिकाम्या आहेत! एक ठोका, मग थांबतो. पुन्हा दोन. पियानो तसाच चालू. मला वाटतं तो दाखवायला थांबत नाहीये. पियानो पडणार नाही हे माहीत आहे, म्हणून थांबतो. लेहरा पक्का नसता तर भरतच सुटला असता, आमची पोरं सुटतात तसा.

रविवार, दुपारी

क्लास झाला. चपला काढतानाच पोरगा म्हणाला, "ताई, गेल्या वेळी माझं चुकलं ना शेवटी?" म्हटलं, तुझं नाही रे, माझं. त्याचा विश्वास बसेना. सर तेव्हा हातोडीने तबल्याचे गट्टे ठोकत होते, मान वर न करता म्हणाले, "तिचंच."

बरं वाटलं.

मग झपताल पुन्हा घेतला. फोनवरचं त्या दोघांना ऐकवलं नाही, उगाच भाषण झालं असतं. मी पेटी ओढली, खिडकीकडे तोंड करून बसले आणि लेहरा सुरू केला. चक्रदाराच्या आधी पोरगा थांबला. पूर्ण आवर्तनभर हात उचललेले असावेत, कारण काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त माझी पेटी आणि खालच्या रस्त्यावर भाजीवाल्याची हाळी. एरवी सर ओरडले असते, थांबलास का म्हणून. ओरडले नाहीत. मी वळून बघितलं नाही. सातवी गेली, आठवी गेली, नववी, दहावी, आणि त्याने उचललं.