एलिझाबेथचे माहेर

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथ गावच्या बरिअल हिल या टेकडीवर उभे राहिले की खाली बंदर दिसते आणि 1620 च्या डिसेंबरात ‘मेफ्लॉवर’ जहाजातून इंग्लंडहून वसाहत करायला आलेल्या लोकांनी ज्या उतारावर आपली पहिली घरे बांधली, तो सगळा उतार एका नजरेत येतो. बॉस्टनहून 65 किलोमीटरचे अंतर कापून मी सकाळीच येथे पोहोचले होते, ते एका शिळेसाठी. टेकडीवरच्या जुन्या काळ्या पाटीच्या दगडांमध्ये ती शोधायला फार वेळ लागला नाही. ‘जॉन हाउलँडची यात्रा येथे संपली,’ अशा अर्थाची तिची सुरुवात आहे. पुढे मृत्यूचा दिवस आहे, 23 फेब्रुवारी 1672/73. हे दुहेरी वर्ष खोडसाळपणाने किंवा चुकून आलेले नाही. त्या काळी इंग्रजांचे नवे वर्ष 25 मार्चला सुरू होई, म्हणून फेब्रुवारीतली तारीख जुन्या गणनेने 1672 ची आणि आजच्या गणनेने 1673 ची ठरते. शके आणि इसवी सन यांचा मेळ घालण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगावे लागत नाही. मी थांबले ती त्याखालच्या ओळीपाशी: त्याने जॉन टिलीची कन्या एलिझाबेथ हिच्याशी विवाह केला.

गेली काही वर्षे मी आमच्या घराण्याची वंशावळ जुळवते आहे. पुरुषांच्या सात पिढ्या सलग लागल्या आहेत, पण पणजीच्या, म्हणजे आजोबांच्या आईच्या, नावापुढे सासरी ठेवलेले नाव तेवढे आहे. तिचे माहेरचे नाव आणि आडनाव घरातल्या कोणालाही ठाऊक नाही. त्यामुळे ‘जॉन टिलीची कन्या’ हे शब्द दगडावर कोरलेले पाहून मला जे वाटले, ते नुसते कुतूहल नव्हते.

कारण ते शब्द सहजासहजी मिळालेले नाहीत. जॉन हाउलँड वसाहतीचा पहिला गव्हर्नर जॉन कार्व्हर याच्या चाकरीत अमेरिकेला आला. वाटेत वादळात तो समुद्रात फेकला गेला आणि जहाजाबाहेर लोंबणारा शिडाचा दोर हाती लागल्यामुळे वाचला. एलिझाबेथ तेव्हा तेरा वर्षांची होती. आई, वडील, काका आणि काकू यांच्याबरोबर ती आली होती. पहिल्या हिवाळ्यात जहाजावरची जवळजवळ निम्मी माणसे गेली, त्यांत तिची ही चारही माणसे होती. पुढे तिने हाउलँडशी लग्न केले. तिच्यामागे टिली हे आडनाव चालवणारे त्या वस्तीत कोणी उरले नाही, आणि पतीचे नाव मात्र कार्व्हरच्या घराशी जोडलेले होते. तेव्हा वंशजांच्या घरांत ती कार्व्हरचीच मुलगी होती असे सांगितले जाऊ लागले आणि छापील वंशावळींतही तेच उतरत गेले. मोठ्या माणसाशी नाते जोडण्याची ओढ सगळ्याच कुळांत असते, परंतु त्या ओढीत एका पोरक्या मुलीच्या खऱ्या आईबापांची नावे पुसली गेली, याचे मला फार वाईट वाटते.

ती परत मिळाली एका हस्तलिखितामुळे. वसाहतीचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने लिहिलेली बखर अमेरिकन क्रांतीच्या काळात बॉस्टनमधून नाहीशी झाली, 1855 मध्ये लंडनच्या बिशपांच्या फुलहॅम राजवाड्यातील ग्रंथालयात सापडली आणि 1856 मध्ये छापली गेली. तिच्या शेवटी ब्रॅडफर्डने जहाजावरच्या प्रत्येक कुटुंबाची नोंद केली आहे, आणि 1651 च्या सुमारास त्यांतले कोण राहिले, कोण गेले, कोणाला किती मुले झाली, हेही लिहून ठेवले आहे. जॉन टिली आणि त्याची पत्नी उतरल्यावर थोड्याच दिवसांत वारले, त्यांच्या एलिझाबेथने जॉन हाउलँडशी लग्न केले, आणि त्यांची दहाही मुले हयात आहेत, असे त्यात स्वच्छ लिहिलेले आहे. ही पोथी 1897 मध्ये मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली. ती बॉस्टनच्या राज्य ग्रंथालयात आहे आणि तिची पाने संगणकावरही पाहता येतात. तपकिरी शाईतली ती ओळ मी रात्री कितीतरी वेळ मोठी करून पाहत बसले होते.

टेकडी उतरून सँडविच स्ट्रीटवरच्या जेबेझ हाउलँडच्या घरी गेले. 1667 च्या सुमारास बांधलेले हे घर या जोडप्याच्या मुलाचे. मेफ्लॉवरवरची माणसे ज्यात प्रत्यक्ष राहिली असे प्लिमथमध्ये उभे असलेले हे एकच घर मानले जाते. वंशजांच्या संस्थेने ते 1912 मध्ये विकत घेतले. बसके छत आणि रुंद चुलाणे पाहून मी बाहेर पडले, कारण मला अजून एका ठिकाणी जायचे होते.

जॉनच्या मृत्यूनंतर एलिझाबेथ आपल्या लिडिया या मुलीकडे, तेव्हाच्या स्वॉन्सी गावी, राहिली आणि 1687 च्या डिसेंबरात तेथेच वारली. तिचे दफन लिटल नेक दफनभूमीत आहे. ती जागा आज ऱ्होड आयलंडमधील ईस्ट प्रॉव्हिडन्समध्ये येते. तेथे पोहोचेपर्यंत ऊन उतरले होते आणि खाडीवरून गार वारा येत होता. मी तिच्या मृत्युपत्राची छापील प्रत सोबत घेतली होती, ती तेथे बसून पुन्हा वाचली. थोरला मुलगा जॉन याला बायबलचा इंग्रजी भाषांतरकार टिंडेल याचे ग्रंथ, चादरींची आणि अभ्र्यांची जोडी, जोझेफला वजनाचा काटा, लिडियाला सर्वांत चांगली पिसांची गादी आणि हिरवे जाड पांघरूण: आयुष्यभराचा संसार एका बाईने वस्तू मोजून मुलांच्या हाती दिला आहे. मृत्युपत्राची तारीख 17 डिसेंबर 1686 आहे आणि आपण 79 वर्षांच्या असून आपली स्मरणशक्ती शाबूत आहे, असे तिने त्यात नमूद केले आहे. इंग्लंडमधील बेडफर्डशरच्या हेन्लो गावी जॉन टिलीच्या मुलीच्या बाप्तिस्म्याची नोंद 30 ऑगस्ट 1607 ची आहे. तेथे बसून मी बोटांवर हिशेब केला. तो अचूक जुळतो.

परतताना मी आत्याला फोन केला. श्राद्धात वडिलांकडच्या पिढ्यांबरोबर मातामहाचेही नाव घ्यावे लागते, म्हणजे आजोबांना पणजीच्या वडिलांचे नाव नक्की पाठ असणार, हे मला इतक्या वर्षांत सुचले नव्हते. आत्या आजोबांना दादा म्हणते. ती म्हणाली, “अगं, दादांनी त्र्यंबकेश्वरी श्राद्ध केलं होतं, तेव्हा उपाध्यायांच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. आजोळचंही लिहिलं असेल बघ.” जानेवारीत घरी जाणार आहे. नाशिकला उतरून आधी ते पान पाहीन.