राष्ट्राध्यक्ष निवडायचा नसतो त्या वर्षीचे मतदान

येत्या ३ नोव्हेंबरला अमेरिकेत निवडणूक आहे. तिच्यात राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार नाही, आणि एवढ्या एका कारणामुळे इथल्या अनेक मराठी घरांत तिची चर्चासुद्धा होत नाही. भारतातून फोन करणारे नातेवाईकही विचारतात की राष्ट्राध्यक्ष तर निवडून झाला, मग आता पुन्हा कसले मतदान? मी टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनमध्ये राहतो, नागरिकत्वाची शपथ घेतल्यापासून मतदान करतो आणि काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाच्या, परवानगीने नव्या मतदारांची नोंदणी करून घेण्याचे काम स्वयंसेवक म्हणून करतो. त्या कामात हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो, म्हणून त्याचे उत्तर जरा सविस्तर लिहीत आहे.

या निवडणुकीला मध्यावधी म्हणतात, पण ती सरकार पडल्यामुळे होत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मधोमध ती ठरलेल्या वेळी येतेच. प्रतिनिधिगृहाच्या सदस्यांची मुदत दोनच वर्षांची असल्यामुळे सर्वच्या सर्व ४३५ जागा त्या दिवशी पणाला लागतात, सिनेटच्या सुमारे एक-तृतीयांश जागा भरल्या जातात आणि ३६ राज्ये आपापला गव्हर्नर निवडतात. राष्ट्राध्यक्षाच्या कारभाराची चौकशी करायची की नाही, त्याने मागितलेला पैसा द्यायचा की नाही, हे ज्या सभागृहांनी ठरवायचे ती सभागृहे या दिवशी घडतात. आपल्या लोकांना अगदी जवळचे उदाहरण द्यायचे तर ग्रीन कार्डाच्या रांगेचे देता येईल. नोकरीच्या आधारे मिळणाऱ्या ग्रीन कार्डांत कोणत्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांहून अधिक येऊ नयेत, ही मर्यादा कायद्याने घातलेली आहे आणि ती बदलण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नसून काँग्रेसला, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट या दोन सभागृहांना आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे त्या रांगेत थांबलेल्यांना मताचा अधिकार नाही. त्या रांगेतून बाहेर पडून नागरिक झालेल्यांना तो आहे, आणि तेच जर या वर्षी घरी बसले, तर मागे राहिलेल्यांचे गाऱ्हाणे लोकप्रतिनिधीने का ऐकावे?

राज्याच्या पातळीवर तर या मतदानाचे वजन आणखी वाढते. टेक्सासमध्ये गव्हर्नर, लेफ्टनंट गव्हर्नर आणि अॅटर्नी जनरल (राज्याचा मुख्य कायदा अधिकारी) ही पदे मध्यावधी वर्षातच भरली जातात, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीबरोबर नव्हे. काउंटीचा कारभार पाहणारा प्रमुखही याच वेळी निवडला जातो. इथे न्यायाधीशसुद्धा लोक मतदानाने निवडतात, आणि ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत आहे तिथली मतपत्रिका न्यायाधीशांच्याच नावांमुळे कित्येक पाने लांबते. भाडेकरूचा खटला, घटस्फोटातील मुलांचा ताबा, अल्पवयीन मुलाचा गुन्हा हे सगळे या न्यायाधीशांसमोर चालते. ज्या मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षाचे नाव नाही, तिच्यावर आपल्या रोजच्या जगण्याशी संबंधित इतकी नावे असतात.

तरीही मतदार फिरकत नाहीत. २०२० साली देशातील पात्र नागरिकांपैकी सुमारे ६६ टक्क्यांनी मत दिले होते. २०२२ च्या मध्यावधीत हा आकडा ४६ टक्क्यांच्या आसपास उतरला. २०१४ मध्ये तो सुमारे ३६ टक्के होता आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून इतके कमी मतदान झाले नव्हते. त्या वर्षी टेक्सासमध्ये तर तीसही टक्के लोक मतदानाला गेले नाहीत. म्हणजे पुढची चार वर्षे राज्याचे कायदे कोण राबवणार, हे दहातल्या तिघांपेक्षाही कमी माणसांनी ठरवले.

इतके थोडे लोक मत देतात तेव्हा एकेका मताचे मोल किती वाढते, हे २०२२ च्या दोन निकालांवरून कळते. अॅरिझोनात अॅटर्नी जनरलपदासाठी सुमारे २५ लाख मते पडली आणि फेरमोजणीनंतर क्रिस मेज केवळ २८० मतांनी विजयी झाल्या. कोलोरॅडोच्या तिसऱ्या मतदारसंघातून लॉरेन बोबर्ट ५४६ मतांनी काँग्रेसमध्ये गेल्या. एक डेमोक्रॅट, दुसऱ्या रिपब्लिकन. या गणिताला पक्ष नसतो. बेळगावच्या परिसरातून आलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले श्री ठाणेदार याच वर्षी मिशिगनमधून काँग्रेसवर निवडून आले. डेट्रॉइटचा तो मतदारसंघ डेमोक्रॅटिक पक्षाचा बालेकिल्ला असल्यामुळे खरा निर्णय ऑगस्टमधल्या प्रायमरीतच झाला, आणि अनेक उमेदवारांच्या त्या लढतीत ठाणेदारांना एक-तृतीयांशाहूनही कमी मते पुरेशी ठरली. प्रायमरी म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी मतदारांची फेरी. अमेरिकेतील बहुसंख्य मतदारसंघ कोणत्या ना कोणत्या पक्षाचे पक्के झालेले असल्यामुळे अनेक ठिकाणी हीच फेरी निर्णायक असते, आणि तिला तर लोक आणखीच कमी येतात.

लोक येत नाहीत याचे सारे खापर त्यांच्या आळसावर फोडणे मला अन्यायाचे वाटते. इथे मतदान मंगळवारी होते. हा दिवस १८४५ च्या कायद्याने ठरला आणि आजही त्या दिवशी देशभर सुट्टी नसते. भारतात मतदारयादी तयार करणे हे निवडणूक आयोगाचे काम आहे आणि त्यासाठी कर्मचारी दारोदार फिरतात. इथे नाव नोंदवणे हे बहुतेक ठिकाणी नागरिकाचे काम आहे. देशभराला लागू पडणारी एक यंत्रणा नाही. पन्नास राज्यांचे पन्नास कायदे आणि तीन हजारांहून अधिक काउंट्यांची आपापली पद्धत. टेक्सासमध्ये पहिल्यांदा नोंदणी करताना सहसा कागदी अर्ज सही करून टपालाने किंवा हस्ते पोहोचवावा लागतो, आणि मतदानाच्या तीस दिवस आधी मुदत संपते. या वर्षी ती ५ ऑक्टोबरला संपेल.

या अडचणी केवळ जुन्या राहून गेलेल्या नाहीत. काही मुद्दाम उभ्या केल्या गेल्या, आणि त्यांचा इतिहास आपण नव्या नागरिकांनी माहीत करून घ्यायलाच हवा. टेक्सासने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मतदानासाठी कर लावला. गरीब काळे, मेक्सिकन आणि गोरे शेतमजूर त्यामुळे आपोआप बाहेर राहिले. १९२३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत काळ्या नागरिकांना मतदान करता येणार नाही, असा कायदाच राज्याने केला, आणि त्या काळी इथे दुसऱ्या पक्षाला काही स्थान नसल्यामुळे प्रायमरीतून वगळणे म्हणजे निवडणुकीतूनच वगळणे होते. त्याच १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात भारतीय माणूस नागरिकत्वासाठी आवश्यक त्या अर्थाने ‘गोरा’ ठरत नाही, असा निकाल दिला आणि भारतीयांना अमेरिकन नागरिकत्वाचे दार बंद झाले. ते १९४६ मध्ये उघडले. ह्यूस्टनमधले काळे दंतवैद्य लॉनी स्मिथ यांनी लढवलेल्या खटल्यामुळे १९४४ मध्ये गोऱ्यांची प्रायमरी रद्द झाली. १९६५ मध्ये टेक्सासचेच असलेले राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मतदान हक्क कायद्यावर सही केली. भेदभावाचा इतिहास असलेल्या राज्यांनी मतदानाच्या नियमांत कोणताही बदल करण्यापूर्वी केंद्राची मंजुरी घ्यावी, ही त्या कायद्याची खरी ताकद होती, आणि ह्यूस्टनच्या काँग्रेस सदस्य बार्बरा जॉर्डन यांच्या प्रयत्नांमुळे १९७५ पासून टेक्सासही तिच्या कक्षेत आले.

२५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ही पूर्वमंजुरी निष्प्रभ केली. कोणत्या राज्यांना ती लागू असावी हे ठरवणारे सूत्र कालबाह्य झाले आहे, असे बहुमताचे म्हणणे होते. मतदाराला ओळखपत्र सक्तीचे करणारा आपला अडलेला कायदा लागू होत असल्याचे टेक्सासने त्याच दिवशी जाहीर केले.

भारतातील वाचक इथे विचारतील की ओळखपत्र मागण्यात गैर काय, आपणही दाखवतोच की. प्रश्न योग्य आहे, आणि ओळख पटवण्याला माझाही विरोध नाही. परंतु भारतात मतदार ओळखपत्र निवडणूक आयोगच देतो आणि ते नसले तर इतर अनेक कागद चालतात. टेक्सासच्या कायद्याने वाहन परवाना, पासपोर्ट आणि पिस्तूल बाळगण्याचा परवाना चालवून घेतला, पण सरकारी विद्यापीठाचे विद्यार्थी ओळखपत्र मात्र नाकारले. नियम कोणाला सोपा आणि कोणाला अवघड जाईल, हे अशा यादीवरूनच दिसते. पुढे न्यायालयांमुळे त्यात थोडी सवलत आली आणि असे ओळखपत्र मिळवण्यात खरी अडचण असलेल्याला प्रतिज्ञापत्र भरून मत देता येऊ लागले.

२०२० मध्ये कोविडच्या काळात हॅरिस काउंटीने गाडीतून न उतरता मतदान आणि काही केंद्रांवर रात्रभर मतदान सुरू केले. रुग्णालयांत रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकांना आणि कामगारांना त्याचा मोठा आधार झाला. २०२१ मध्ये राज्याने नवा कायदा करून या दोन्ही सोयी बंद केल्या. त्याच कायद्याने टपाली मतपत्रिकेच्या पाकिटावर वाहन परवान्याचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी या सरकारी ओळख क्रमांकाचे शेवटचे चार अंक लिहिणे आणि ते नोंदणीतील क्रमांकाशी जुळणे सक्तीचे केले. परिणामी मार्च २०२२ च्या प्रायमरीत आलेल्या टपाली मतांपैकी सुमारे १२ टक्के मते बाद झाली. टेक्सासमध्ये टपाली मतदानाचा हक्क मुख्यतः ६५ वर्षांवरील व्यक्तींना आणि अपंगांना आहे, म्हणजे ही मते बहुतांशी वृद्धांचीच होती.

आपल्यासारख्यांना सर्वांत जवळून लागणारी गोष्ट मात्र २०१९ सालची आहे. त्या जानेवारीत टेक्सासच्या निवडणूक खात्याने जाहीर केले की मतदारयादीतील सुमारे ९५ हजार लोक नागरिक नसावेत. ही यादी वाहन परवान्याच्या नोंदींवरून काढली होती. परवाना काढताना ज्याने ग्रीन कार्ड किंवा व्हिसा दाखवला तो नागरिक नाही, असे त्यात गृहीत धरले होते. परंतु परवाना अनेक वर्षे चालतो, आणि त्या काळात माणूस शपथ घेऊन नागरिक होतो, लगेच मतदार म्हणून नाव नोंदवतो, पण परवाना खात्याला कळवायला पुन्हा जात नाही, कारण तशी सक्तीच नसते. काही दिवसांतच उघड झाले की यादीतील हजारो लोक रीतसर नागरिक होते. खटले झाले, एप्रिलमध्ये राज्याने तो आदेश मागे घेतला आणि त्या खात्याच्या प्रमुखाला पद सोडावे लागले. तथापि मधल्या काळात काही काउंट्यांनी लोकांना पत्रे पाठवली होती की तीस दिवसांत नागरिकत्वाचा पुरावा द्या, नाहीतर नाव कमी होईल. भारतात जन्मलेला, एच-१बीवरून ग्रीन कार्डावर आणि तिथून नागरिकत्वावर आलेला प्रत्येक माणूस अशा यादीत सहज बसतो. २०२४ मध्ये अलाबामात तीन हजारांहून अधिक मतदारांना असेच वेगळे काढले गेले, आणि त्यांतले बहुसंख्य पात्र मतदार असल्याचे न्यायालयात दिसून आले. प्रतिनिधिगृहाने एप्रिल २०२५ मध्ये मंजूर केलेल्या विधेयकात तर नोंदणीच्या वेळीच नागरिकत्वाचा कागद दाखवण्याची अट देशभर घालण्याचा प्रस्ताव होता.

नागरिक नसलेल्याने मत देणे हा आजही गंभीर गुन्हा आहे आणि त्याची परिणती देशाबाहेर काढले जाण्यात होऊ शकते. म्हणून व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या मित्रांना मी कळकळीने सांगतो की परवाना काढताना मतदार नोंदणीच्या प्रश्नाला घाईत होकार देऊ नका.

मतदारसंघांच्या सीमांचा विषय खरे तर स्वतंत्र लेखाचा आहे. दर दहा वर्षांनी जनगणनेनंतर सीमा बदलायच्या ही रूढी मोडून टेक्सासने ऑगस्ट २०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षाला आणखी पाच जागा मिळाव्यात या उद्देशाने नवा नकाशा केला, आणि नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी डेमोक्रॅटिक पक्षाला लाभ देणाऱ्या नकाशाला मंजुरी देऊन त्याला उत्तर दिले. दोन्ही मला चूक वाटतात, कारण दोन्हींत मतदाराने प्रतिनिधी निवडण्याआधी प्रतिनिधींनीच आपले मतदार निवडून घेतले आहेत. भीतीचे वातावरणही वाढले आहे. २०२० नंतर जॉर्जियातील दोन निवडणूक कर्मचारी स्त्रियांवर खोटे आरोप झाले, त्यांना धमक्या आल्या, आणि २०२३ मध्ये ज्यूरीने ते आरोप करणारे ट्रम्प यांचे वकील रूडी जुलियानी यांना १४.८ कोटी डॉलर भरपाई देण्यास सांगितले, तोपर्यंत त्या दोघींचे पूर्वीचे आयुष्य उरले नव्हते. २०२४ च्या मतदानादिवशी जॉर्जियातील केंद्रांवर बॉम्बच्या खोट्या धमक्या आल्या आणि काही केंद्रांची वेळ वाढवावी लागली.

या सगळ्यावर एकट्या नागरिकाच्या हातात काय आहे? बरेच आहे, फक्त ते वेळेत करायला हवे. गणेशोत्सव यंदा १४ सप्टेंबरला सुरू होतो आणि नोंदणीची मुदत त्यानंतर तीनच आठवड्यांनी संपते. महाराष्ट्र मंडळाच्या आरतीला जमणाऱ्या प्रत्येक नागरिकाने राज्याच्या निवडणूक संकेतस्थळावर आपले नाव आणि पत्ता शोधून पाहावा; एकाच काउंटीत घर बदलले असले तरी पत्ता दुरुस्त करून घ्यावा. नव्याने शपथ घेतलेल्यांनी परवान्याची नोंदही बदलून घ्यावी आणि नागरिकत्वाच्या प्रमाणपत्राची प्रत जपून ठेवावी. घरातील ६५ वर्षांवरील आई-वडील नागरिक असतील, तर टपाली मतपत्रिकेच्या पाकिटावर परवान्याचा आणि सोशल सिक्युरिटीचा असे दोन्ही क्रमांक लिहावेत, म्हणजे कोणता नोंदवला होता हे आठवत बसावे लागत नाही. ज्यांना मंगळवारी वेळ नाही त्यांच्यासाठी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात आधीच मतदान करण्याची सोय आहे, आणि हॅरिस काउंटीत त्यासाठी कोणतेही केंद्र चालते. केंद्रावर नाव सापडले नाही तर परत फिरू नये. तात्पुरती मतपत्रिका मागावी, ती मागण्याचा हक्क केंद्रीय कायद्याने दिलेला आहे.

दिवाळी यंदा नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आहे आणि अनेक जण ऑक्टोबरअखेर भारतात निघतील. त्यांनी विमानात बसण्याआधी मत देऊन टाकावे. जे आधी मतदान करण्याचा संपूर्ण काळ आणि मतदानाच्या दिवशीही काउंटीबाहेर असतील, त्यांना वय कितीही असले तरी टेक्सासमध्ये टपाली मतपत्रिका मागता येते, मात्र तो अर्ज मतदानाच्या अकरा दिवस आधी कार्यालयात पोहोचलेला असावा लागतो.