गिंपमध्ये प्लगइन दिसत नाही तेव्हा

गिंप या चित्रं सजवायच्या सॉफ्टवेअरमध्ये तालमीच्या फ्लेक्सवर इफेक्ट द्यायचाय आणि ‘फिल्टर्स’ मेन्यूतली नावं फिकट दिसतात? चित्राचा मोड बघा. जीआयएफ इंडेक्स्ड, म्हणजे मोजक्याच रंगांच्या मोडमध्ये उघडते, त्यात बरेच इफेक्ट चालत नाहीत. ‘इमेज’, ‘मोड’, ‘आरजीबी’ केलं की काम झालं.

प्लगइनच, म्हणजे वेगळं जोडलेलं छोटं साधनच, दिसत नसेल, तर बहुधा जागा चुकलेली असते. गिंप ३ मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली प्लगइनची फाइल नुसती प्लग-इन्स फोल्डरात टाकून भागत नाही. तिच्याच नावाच्या (शेवटचं .py सोडून) उपफोल्डरात ती ठेवावी लागते. एका अक्षराचाही फरक नको. लिनक्सवर त्या फाइलला एक्झिक्युटची, म्हणजे प्रोग्राम म्हणून चालण्याची, परवानगीही द्या. मग गिंप बंद करून पुन्हा उघडा, कारण प्लगइन सुरुवातीलाच वाचली जातात.

मार्च २०२५ मध्ये आलेल्या गिंप ३.० ने पायथन २ ही भाषेची जुनी आवृत्ती सोडली. त्यामुळे गिंप २.१० ची जुनी पायथन प्लगइन तिथं चालणारच नाहीत. त्यात वेळ घालवू नका, ३ साठीची आवृत्ती शोधा.