बॉइलच्या घराण्यामागे सायकलवर: यॉल बघा, लिसमोरला कारनेच जा

आधी निकाल सांगतो, रडगाणं नंतर. आयर्लंडच्या दक्षिणेतलं यॉल गाव बघा. डब्लिनचं बॉइल घराण्याचं स्मारक बघा. लिसमोरला जायचंच असेल तर कोणाची तरी कार मिळवा. टॅलो ते लिसमोर हा रस्ता सायकलवर करू नका. नकाशावर जेमतेम आठ किलोमीटर दिसतात म्हणून तर मुळीच करू नका.

मी तीस वर्षं अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवलं. बॉइलचा नियम (तापमान स्थिर असेल तर वायूचा दाब वाढेल तसं आकारमान घटतं) दरवर्षी फळ्यावर लिहिला, पण हा बॉइल कोणाचा कोण हे पोरांना कधी सांगितलं नाही, कारण मलाच ठाऊक नव्हतं. लेक कॉर्कला नोकरी करते. तिच्याकडे गेल्यावर कळलं की रॉबर्ट बॉइल तिथून तासाभरावरच्या लिसमोरच्या किल्ल्यात १६२७ साली जन्मला, कॉर्कच्या पहिल्या अर्लचं, म्हणजे तिथल्या बड्या सरदाराचं, चौदावं अपत्य. मग राहवेना.

पहिला दिवस: रेल्वेने मिडल्टन, तिथे भाड्याची सायकल, जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या ग्रीनवेने, म्हणजे चालण्या-सायकलच्या वाटेने, यॉल. २३ किलोमीटर, सपाट, छान. त्यात लिहिण्यासारखं काही नाही.

इंग्रजी पाटी वाचून आपण ‘यूघल’ म्हणतो. लोक तुमच्याकडे बघत राहतात. यॉल म्हणा.

इथल्या सेंट मेरी चर्चच्या दक्षिणेकडच्या भागात थोरल्या बॉइलचं, म्हणजे रॉबर्टचा बाप रिचर्ड याचं, थडगं आहे आणि सगळ्या प्रवासाचे पैसे मला तिथे वसूल झाले. हा मूळचा इंग्लंडमधल्या कँटरबरीचा. १५८८ साली डब्लिनला उतरला तेव्हा खिशात सत्तावीस पौंड आणि अंगावर थोडे दागिने. चौदा वर्षांनी, १६०२ मध्ये, त्याने इंग्रज दरबारी आणि दर्यावर्दी वॉल्टर रॅलीची इथली सगळी जहागीर दीड हजार पौंडांत घेतली. बेचाळीस हजार एकर! रॅली तेव्हा अडचणीत होता. पडत्या काळात जमीन स्वस्तात उचलणारा माणूस आपल्यालाही अनोळखी नाही.

थडगं १६२० च्या सुमाराचं, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वीसेक वर्षं आधीचं. रंगवलेले पुतळे आहेत. अर्ल कोपरावर रेललाय, जणू जेवण झाल्यावर लोडाला टेकून पान लावतोय. दोन बाजूंना दोन बायका गुडघे टेकून. पहिली जोन १५९९ मध्ये बाळंतपणात गेली. दुसरी कॅथरीन, हिला पंधरा मुलं. मुलं खाली ओळीने. मी त्यात रॉबर्टला शोधत बसलो आणि मग डोक्यात प्रकाश पडला: थडगं झालं तेव्हा तो जन्मलाच नव्हता. त्याच्यासाठी डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमधलं १६३२ चं स्मारक बघावं लागतं. तिथे खालच्या रांगेत मधोमध एक लहान मुलगा आहे, तो रॉबर्ट असं मानतात. हे स्मारक आधी थेट वेदीच्या मागे उभं केलं होतं. राजाचा प्रतिनिधी वेंटवर्थ आला आणि त्याने ते तिथून हलवायला लावलं. दोघांचं हाडवैर झालं.

आता तो रस्ता. यॉलहून टॅलोपर्यंत चढउतार आहेत, पण मांड्यांत जीव असेल तर होतं. टॅलोच्या आसपास थोरल्या बॉइलने लोखंडाच्या भट्ट्या लावल्या होत्या, कोळशासाठी इथली जंगलं तोडली. आता हिरवी कुरणं. टॅलोपुढे हमरस्ता लागतो. दोन्ही बाजूंना छातीच्या वर कुंपणाची झुडपं, कडेला वीतभर जागा, समोरून वारा आणि मागून दुधाचे टँकर. एक टँकर इतका जवळून गेला की मी झुडपात घुसलो आणि चाकात काटा शिरला. पावसाची भुरभुर चालू असताना पंप मारत उभा होतो. पंप हाताला गरम लागला. मास्तर असल्यामुळे तेवढ्यातही मनात आलं: तापमान स्थिर नाही, म्हणजे बॉइलचा नियम इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. आठ किलोमीटरला दीड तास. वेळ निम्मी पंक्चरची, निम्मी भीतीची.

आणि एवढं करून किल्ला बंद! बंद म्हणजे त्या दिवसापुरता नव्हे. खाजगी आहे. आत फक्त बागा आणि एक कलादालन बघता येतं, तेही हंगामात. फोटो पाहून मी धरून चाललो होतो की बॉइलची जन्मखोली दाखवत असतील. चूक माझी, पण तुम्ही करू नका. शिवाय आज दिसतो तो किल्ला बहुतांशी एकोणिसाव्या शतकातला. थोरल्या बॉइलच्या काळातलं बघायचं तर वरची भिंतबंद बाग आणि जिथून आत जातात ती १६३१ ची घोडेस्वार पहारेकऱ्यांची इमारत. ती नीट बघा, लोक घाईने ओलांडून जातात.

किल्ला बॉइलांच्या हातून गेला तो लग्नात. १७४८ मध्ये घराण्यातली वारस शार्लट डेव्हनशरच्या कॅव्हेंडिश घरात पडली, आणि तो अजून त्यांच्याकडेच आहे. बाकी पिलावळीने बरंच केलं. ऑररीच्या चौथ्या अर्लमुळे ग्रहमालेच्या यांत्रिक प्रतिकृतीला इंग्रजीत ‘ऑररी’ म्हणतात. रॉबर्ट शेवटची तेवीस वर्षं लंडनमध्ये थोरली बहीण कॅथरीनकडे राहिला. १६९१ च्या डिसेंबरात ती गेली आणि आठवड्यात हाही गेला. आणखी एक: १६६८ मध्ये ज्या ईस्ट इंडिया कंपनीला मुंबई मिळाली, तिच्या संचालक मंडळावर पुढच्या काही वर्षांत हे रॉबर्टराव होते. हे मला आधी कळतं तर फळ्यावर नक्की सांगितलं असतं.

परत त्या रस्त्याने जायची हिंमत नव्हती, संध्याकाळी बस मिळेना. टॅक्सी बोलावली. तीस किलोमीटरचे चालकाने पंचाण्णव युरो घेतले. वर मीटर नाही, पावती नाही, सायकल टाकायचे म्हणून दहा त्यातच. रात्री लेकीला फोन केला तर ती म्हणाली, “बाबा, मीटर लावायला सांगायचं ना! इथे कायदा आहे.” आयर्लंडमध्ये टॅक्सीला मीटर लावावाच लागतो, कमाल भाडं सरकार ठरवतं, छापील पावती देणं बंधनकारक. बसण्याआधी मीटर बघा, छतावरच्या पाटीवरचा क्रमांक टिपून घ्या. माझ्याकडे पावती नाही, त्यामुळे तक्रारही धड करता आली नाही.

सामानात सुटी ट्यूब, पंप आणि भडक पिवळं जॅकेट असू द्या. यॉलला मुख्य रस्त्याच्या उत्तरेकडच्या भागात थोरल्या बॉइलने १६१० मध्ये बांधलेली गरजूंसाठीची घरं आहेत. अजून लोक राहतात, तेव्हा बाहेरूनच बघा, खिडकीत डोकावू नका. चर्चची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा आणि सकाळी जा. दुपारनंतर थडग्यावर उजेड राहत नाही, बायकांचे चेहरे दिसत नाहीत.