तुमच्या घरालाही मुरूम लागलाच ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आणि विचारणारे तुम्ही एकटे नाही, लग्नात, बँकेच्या रांगेत, कुठंही मी माळावरच्या मुरूम उपशाबद्दल तोंड उघडलं की हेच येतं, मॅडम तुमचं घर काय हवेत बांधलंय का?

नाही. जोत्यात मुरूमाचीच भर आहे, स्लॅबमधे खडी आहे, खाली कलबुर्गीकडची शहाबादी आहे, सिमेंटसाठी कुठंतरी चुनखडक फुटलाच असणार. दारातली रांगोळी म्हणजे दगडाचीच भुकटी आणि मोबाईलच्या बॅटरीत लिथियम. आपला सोलापूरचा भुईकोट किल्लाही काळ्या दगडाचाच आहे की. दगड नकोच असं मी कॉलेजात असताना म्हणायचे, सगळ्या खाणी बंद करा म्हणून भांडायचे. त्या मुलीचं म्हणणं मला आता पटत नाही, तिचा राग मात्र पटतो.

मी बोलते ते जागेबद्दल. काळ्या दगडाची खाण एका जागी खोल जाते. मुरूम म्हणजे झिजलेल्या दगडाचा वरचा थर, तो काही फूट खरवडला की खाली कडक पाषाण लागतो आणि जेसीबी पुढं सरकतो, म्हणून मुरूमाचा खड्डा आडवा पसरत जातो. आणि सगळ्यात आधी जाते ती वरची वीतभर माती. कुसळी गवत तिच्यातच उगवतं, गवतात टोळ, टोळांवर चंडोल आणि धाविक हे पक्षी. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासून आहे, पण लांडगा, खोकड, काळवीट हे त्याच्या बाहेर गायरानात आणि लोकांच्या पडीक रानातही राहतात, आणि ते पडीक रान सातबाऱ्यावर बहुधा पोटखराब, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणून लागलेलं असतं, मग तिथं उपसा करताना कुणालाच काही वाटत नाही.

माझ्या मामाचं रान तसलंच. ओढ्याच्या बाजूच्या उतारावर खोकडाचं बीळ होतं, तीन-चार तोंडांचं, उन्हाळ्याच्या तोंडाला पिल्लं बाहेर येऊन बसायची, मी लांबून दुर्बिणीतनं बघायचे आणि मामा बांधावर बसून बिडी ओढत म्हणायचा, बघ तुझी पोरं आली. त्यानंच तो उतार विकला. जमीन नाही, नुसता मुरूम, ब्रासच्या मापावर. बोअर कोरडे गेले होते, कर्ज होतं, ठेकेदार रोख देत होता. मला चुलतभावानं फोन केला तेव्हा काम सुरू होऊन दोन दिवस झाले होते. मी पोचले तर उतारच नव्हता. लाल भिंत उभी कापलेली, टिपर लागलेले, आणि बीळ कुठं होतं ते मला दाखवताही येईना. पिल्लं निघाली का आत राहिली, ऑपरेटरला विचारलं, तो पोरगा म्हणाला मॅडम रात्री काम चालतंय, दिसत नाही काय. मी तिथं रडले. मग मामावर ओरडले, खूप, मामीसमोर, बोलू नये ते बोलले. तो गप ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "पोरी, तुझ्या जोत्यात भर टाकली ती कुठनं आलती? ह्याच माळाच्या पलीकडनं आलती. तवा तू इचारलं नव्हतंस."

खरं आहे, विचारलं नव्हतं. भर कुठून येते ते घर बांधताना कोण विचारतं? पण म्हणून मी आता गप्प बसायचं, हे मला मान्य नाही. घर बांधणाऱ्यानं बोलायचं नाही असं ठरवलं तर बोलायला उरतं कोण, धनगराचं पोर? त्याची मेंढरं चरायची त्याच उतारावर, त्याला कुणी विचारलंही नाही. जिथं आधीच खाणी पडल्यात तिथलाच माल आधी वापरा, एवढं तरी मागता येतं. त्याला वाहतूक वाढते, भाव वाढतो, हेही मला दिसतं, आणि तो भाव माझ्यासारखी देईल, घरकुलवाल्यानं कुठून द्यायचा, ह्याचं उत्तर माझ्याकडं नाही.

मामाच्या रानाचा दुसरा उतार अजून शिल्लक आहे, ठेकेदार परत विचारून गेलाय. मी म्हटलं, त्या गवताचे पैसे मी देते दरवर्षी, तो देतोय तेवढे नाही जमणार पण देते. मामा म्हणाला, भाचीकडनं पैसे घेऊ व्हय मी? मग नाही म्हण त्याला, म्हटलं. त्यावर तो काही बोलला नाही. अजून ठरलेलं नाही.